शिंगाळ्याचा सत्कार

समुद्रासमोर उभं राहिलं की माणसाचा अहंकार गळून पडतो. क्षितिजापर्यंत पसरलेलं ते पाणी, ती न थांबणारी गाज, ती भरती आणि ती ओहोटी. या सगळ्यापुढे आपण कोण, आपलं पद काय, असा प्रश्न माणसाला पडतो आणि तो अंतर्मुख होतो. आमच्या भागातली सात माणसं समुद्रासमोर उभी राहिलेली मी स्वतः पाहिली आहेत. अंतर्मुख कुणी झालं नाही. एकाला उलटी झाली, पण ती वेगळ्या कारणाने.

हे सातजण भवानीनगरच्या पलीकडच्या एका गावच्या विकास सोसायटीचे संचालक. सोसायटी म्हणजे दोन खोल्या, खताचं गोदाम आणि एक सचिव. संचालक मंडळ तेरा जणांचं. ते आपल्यातून चेअरमन निवडतं, आणि ही खुर्ची वर्षा-वर्षाने वाटून घ्यायची पद्धत आहे. आधीचा ठरल्यावेळी राजीनामा देतो, पुढचा बसतो. या खेपेला राजीनामा वेळेवर आला, पण पुढचा कोण यावर मंडळ दुभंगलं. एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सहा. सातांच्या बाजूचे उमेदवार माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान.

दाजींना ही खुर्ची का हवी होती ते सांगितलं पाहिजे, कारण सोसायटीच्या कारभाराशी त्याचा काही संबंध नाही. आमच्याकडे लग्नात अक्षता पडायच्या आधी माइकवरून आलेल्यांची नावं पुकारतात. कारखान्याचे संचालक, बाजार समितीचे माजी सभापती, पतसंस्थेचे व्हाइस चेअरमन, अशी ती नावं पदाच्या वजनाप्रमाणे उतरत येतात आणि जिथे वजन संपतं तिथे माइकवाला ‘आणि इतर मान्यवर’ म्हणून मोकळा होतो. दाजी सगळं आयुष्य इतर मान्यवर होते. त्या शब्दांपाशी भर मांडवात मान थोडी वर करताना मी त्यांना पाहिलं आहे. चेअरमन झालं की नाव घेऊन पुकारतात. दाजींना सोसायटी सुधारायची नव्हती, ती बुडवायचीही नव्हती. त्यांना फक्त स्वतःचं नाव ऐकायचं होतं. माणसाच्या महत्त्वाकांक्षा पुस्तकांत फार मोठ्या दाखवतात.

तर अशा निवडीआधी आपल्या बाजूच्या संचालकांना सहलीला न्यायचा रिवाज आहे. बाहेरच्या वाचकाला ती सहल वाटेल. ती राखण असते. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून पाखरं हाकतात, तशी मतं कुठेतरी लांब नेऊन बसवायची, खाऊ-पिऊ घालायची, फोन काढून घ्यायचे आणि सभेच्या वेळी गाडीतून थेट सोसायटीच्या दारात उतरवायची. सहा जणांच्या बाजूला हा खर्च नसतो. सहा माणसांना कुणी पळवत नाही.

माझा या सगळ्यात संबंध यायचं कारण नव्हतं. मी वालचंदनगरच्या कॉलनीत राहतो, ड्रॉइंग ऑफिसात नोकरी केली, निवृत्त झालो, पुस्तकं वाचतो. नातेवाइकांत अशा माणसाला निरुपद्रवी समजतात. एके दिवशी आक्का घरी आली आणि चहाही न घेता म्हणाली, “आरं, दाजीबरूबर जा. सगळ्यांचं फोन तुझ्या पिशवीत ऱ्हातील.”

“मीच का?”

“तुला मत न्हाय, गट न्हाय, जिमीन न्हाय. तुला फोडून कुणाला काय मिळणाराय?”

इतकं अचूक वर्णन माझं आजवर कुणी केलेलं नाही. मी गेलो.

समुद्र निवडला तो दाजींनी. महाबळेश्वर आधीच्या चेअरमनांनी करून ठेवलं होतं आणि गोव्याचं नाव काढलं की घराघरांतून विरोध यायचा. दापोलीकडच्या एका रिसॉर्टच्या जाहिरातीत ‘डॉल्फिन दर्शन आणि गळाने मासेमारी’ असं होतं. आमच्या तालुक्यात कुठल्याही गटाने कुठल्याही संचालकाला आजवर डॉल्फिन दाखवलेला नव्हता. दाजींना ते पटलं.

सातांपैकी दोघांची ओळख आधी करून देतो, बाकीचे गाडी भरण्यापुरते होते. पहिले आबा. मंडळात सगळ्यांत वयस्कर, पांढरं धोतर, पांढरी टोपी, बोलणं कमी. त्यांच्या घरी सत्कारात मिळालेल्या शालींचं एक स्वतंत्र कपाट आहे आणि ते पाहुण्यांना दाखवतात. आबांचा व्याही पलीकडच्या गटात होता, त्यामुळे आबा नक्की कुठे आहेत याची दाजींना कायम धास्ती. दुसरे तात्या. दाजींचे सख्खे चुलतभाऊ, जाडजूड, मोठ्या मिशांचे, ट्रॅक्टर असलेले आणि ट्रॅक्टरवर बसल्यासारखंच बोलणारे. तात्यांची धास्ती दाजींना नव्हती. “तात्या घरचाच हाय,” असं ते प्रवासात दोनदा म्हणाले. आणखी एक सांगायचं म्हणजे, सातांतली एक संचालक महिला होती. ती घरी राहिली. सहलीला तिचे यजमान आले.

वरंध्याचा घाट उतरून आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. सगळे वाळूवर रांगेत उभे राहिले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं, चला, असेलही काही त्या गळून पडण्यात.

तात्या म्हणाले, “आटलाय की.”

“किती जिमीन पडून हाय बघा,” दुसरा एक संचालक म्हणाला.

“खारवट हाय. ऊस येणार न्हाय.”

“पर पाणी बघा. एवढं पाणी अन् एक मोटर न्हाय.”

आबांनी वाकून बोट बुडवलं, चाखलं आणि थुंकले. समुद्राची पाहणी संपली. सगळे जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट होती. ती चालवणारा स्वतःला कॅप्टन म्हणवून घ्यायचा. काळा चष्मा, उलटी टोपी, अंगात मासा छापलेला गंजीफ्रॉक. गंजीफ्रॉकवरचा मासा आणि त्याच्या बोटीच्या पाटीवर रंगवलेली सुरमई, दोन्ही हवेत उडी मारत होते. रिसॉर्टच्या लोकांनी सांगितलं होतं की हा राष्ट्रीय पातळीवरचा गळवाला आहे. कोणत्या राष्ट्राच्या, ते विचारायचं राहून गेलं.

सगळ्यांना केशरी जॅकेटं घातली. आबांनी ते धोतरावर घातलं आणि त्यावर टोपी नीट केली. बोट निघाली आणि कॅप्टनने भाषण सुरू केलं. “डॉल्फिन हा अत्यंत बुद्धिमान प्राणी आहे, सर. तो माणसाचा मित्र आहे. तो मासा नाही, तो पिल्लांना दूध पाजतो.”

“दूध?” तात्या सावध झाले. “किती देतंय?”

“अं?”

“एका टायमाला.”

कॅप्टनकडे हा आकडा नव्हता. “फॅट चांगली असंल,” दुसरा म्हणाला, आणि यावर बरीच चर्चा झाली. मधल्या वेळात तो बुद्धिमान प्राणी आमच्यापासून लांब राहिला, यावरून त्याच्या बुद्धीबद्दल मला खात्री वाटू लागली.

मग तो दिसला. बोटीच्या डाव्या हाताला पाणी जरासं फुगलं आणि राखाडी, ओली, कुबड असलेली पाठ वर आली, वळली आणि आवाज न करता आत गेली. तिच्यामागे दुसरी, आणि तिच्या कडेला एक लहान. श्वास सोडल्याचा फुस्स आवाज मला ऐकू आला. तेवढा वेळ मी मतं, फोन, दाजी, सगळं विसरलो होतो. तो वेळ फार नव्हता.

“पाव्हणं, फोन!” मागून चौघे एकदम ओरडले. “फोटू! फोटू!”

“फोन मिळणार नाहीत,” मी म्हणालो. “दाजींचा हुकूम आहे.”

“आवो, फोटू न्हाय तर घरी दाखवायचं काय?”

“नुसतं बघा की.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघायचं म्हणजे काय, हे त्यांना खरंच कळलं नव्हतं. डॉल्फिन आणखी दोनदा वर आले. तेव्हा मंडळी दाजींशी भांडत होती. शेवटी महिला संचालकांचे यजमान खाली बसले आणि म्हणाले, “म्हशीवानीच हाय की. कॅनॉलात बसल्यावर म्हसबी अशीच बुडती अन् वर येती.” यावर सगळ्यांचं समाधान झालं. डॉल्फिन दर्शन एवढंच.

पुढचा कार्यक्रम गळाचा. बोट एका खडकाळ टोकाशी नेऊन नांगरली. कॅप्टनने काठ्या काढल्या, रीळ दाखवलं आणि नियम सांगितला, की हा खेळ आहे, मासा लागला की फोटो काढून त्याला परत सोडायचं असतं.

“मंग धरायचा कशाला?” आबांनी विचारलं. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

“स्पोर्ट आहे, सर.”

“कुणाचा? त्येचा का आपला?”

बोटीवर त्या दिवशी विचारला गेलेला एकमेव शहाणा प्रश्न तो होता. कॅप्टनने चष्मा पुसला.

काठ्या दोनच होत्या. एक दाजींनी घेतली आणि त्यांच्या आयुष्याप्रमाणेच तिला शेवटपर्यंत काही लागलं नाही. दुसरी तात्यांनी घेतली आणि कुणालाही द्यायचं नाव काढेनात. ऊन चढलं. बोट जागच्या जागी डुलत होती. बाकीच्यांनी भेळ काढली. तात्या मिशीला पीळ देत, काठी मांड्यांत धरून बसले होते, आणि हळूहळू त्यांचा रंग बदलायला लागला. ट्रॅक्टर पुढेमागे हलतो, डुलत नाही.

“आबा,” ते एकदम म्हणाले, “जरा धरा.”

आबांनी काठी धरली. तात्या दुसऱ्या बाजूला वाकले आणि सकाळचे पोहे समुद्राला परत केले. ते वाकलेले असतानाच रीळ करकरलं.

पुढचं सगळं गोंधळात झालं. आबा काठी धरून उभे, कॅप्टन त्यांच्या पाठीमागून हात घालून रीळ फिरवतोय, दाजी ‘वढा, वढा’ म्हणून ओरडतायत, आणि तात्या तोंड पुसत वळून बघतायत. मासा वर आला. हातभर लांब, गुळगुळीत, करडा, रुंद तोंडाचा, आणि त्याला मिशा होत्या. त्यामुळे मंडळींना तो पहिल्यापासून आपला वाटला.

“शिंगाळा,” कॅप्टन जरा खालच्या आवाजात म्हणाला. पाटीवर सुरमई काढलेल्या माणसाला असल्या स्वस्त माशाचं नाव मोठ्याने घेता येत नाही. त्याने पकडीने माशाचा काटा मोडला, कारण तो विषारी असतो, आणि बर्फाच्या पेटीत समुद्राचं पाणी ओतून मासा त्यात ठेवला.

“लई मोठा घावला आबांना,” कुणीतरी म्हणालं.

“आबांना?” तात्या म्हणाले. “आबांना कसा?”

आता हे वाचणाऱ्याने समजून घेतलं पाहिजे की आमच्याकडे कॅनॉलचं पाणी पाळीने मिळतं. अमक्या शेताला अमका वार, अमकी वेळ. त्या वेळेत येणारं पाणी त्या माणसाचं, मग खोरं घेऊन दारं धरणारा, म्हणजे पाणी वाफ्यात वळवणारा, कुणीही असो. पाळीवरून सख्ख्या भावांची डोकी फुटलेली आहेत. जगातल्या बाकी सगळ्या मालकीबद्दल आमची माणसं घासाघीस करतात. पाळीबद्दल करत नाहीत.

“पाळी माझी हुती,” तात्या म्हणाले. “सकाळधरनं काठी कुणाच्या हातात हुती? मी वकारी आल्यावर खोरं जरा दुसऱ्याच्या हातात दिलं, म्हणून पाणी त्येचं झालं व्हय?”

आबा शांतपणे म्हणाले, “दारं मी धरलं.”

“दारं धरायला तर गडीबी धरतो.”

“मी गडी हाय व्हय तुझा?”

“तसं न्हाय, आबा. पर पाळी.”

“पाळीत जो झोपला, त्येचं पाणी फुडं जातं.”

“मी झोपलो न्हवतो! मला वकारी आली हुती!”

“पाणी इचारत न्हाय, झोपला हुता का वकत हुता.”

बोटीत दोन तट पडले. एक म्हणाला, गळ ज्याने टाकला त्याचा मासा. दुसरा म्हणाला, मग तो कॅप्टनचा, कारण गळ त्यानेच टाकून दिला होता. महिला संचालकांच्या यजमानांना विचारलं, तर ते म्हणाले, “माझं काय मत न्हाय.” हे अगदी खरं होतं, मत त्यांच्या बायकोचं होतं.

दाजी माझ्याकडे सरकले. “पाव्हणं, तुमी शिकल्यालं. सांगा, मासा कुणाचा?”

“समुद्राचा,” मी म्हणालो.

“हितं मजाक नका करू. सात मतं हायती.”

ते खरं होतं. सातांतलं एक गेलं की सहा उरतात आणि समोर सात होतात. दाजींच्या कपाळावर घाम आला होता. मला एक क्षण त्यांची कीव आली. शहाण्या माणसाने इथे मासा कॅप्टनला देऊन टाकला असता आणि जेवणाचा विषय काढला असता. पण आमच्या भागात माणूस अडचणीत आला की त्याला एकच उपाय सुचतो. दाजींनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, “किनाऱ्यावर गेल्यावर आपन सत्कार ठिवू.”

सामान गाडीत होतंच. आमच्याकडे गाडीत स्टेपनी नसली तरी चालतं, शाल, नारळ आणि फेटा लागतोच. मात्र ते एकाच माणसापुरतं होतं. दाजींनी उतरल्यावर मला बाजूला घेऊन हिशेब सांगितला. आबांचं मन राखलं पाहिजे, कारण आबांचा व्याही तिकडे आहे. आबा कधीही सरकतील. तात्या काय, घरचा आहे. घरच्या माणसाला मान कशाला लागतो?

“पण तात्या चिडलेत,” मी म्हणालो.

“त्येला आभाराचं देऊ.”

वाचकाला सभांची सवय असेल तर आभाराचं काम म्हणजे काय ते माहीत असेल. ज्याला अध्यक्षस्थान देता येत नाही, ज्याचा सत्कार करता येत नाही आणि ज्याला वगळताही येत नाही, त्याला आभार देतात. तो बोलायला उभा राहतो तेव्हा लोक चपला शोधत असतात.

रिसॉर्टमध्ये रात्री गाणी म्हणायला ठेवलेला एक माइक होता. त्याचा प्रत्येक शब्द चार वेळा घुमायचा. तो वाळूवर आणला. प्लास्टिकच्या खुर्च्या समुद्राकडे पाठ करून मांडल्या, कारण तोंड केलं तर ऊन डोळ्यांत येत होतं. समोर घमेल्यात मासा. कॅप्टनच्या ‘परत सोडायचा’ या नियमाचं दाजींनी मनातल्या मनात रूपांतर केलं होतं. ते प्रास्ताविकात म्हणाले, “आज आपले ज्येष्ठ मार्गदर्शक आबा यांच्या शुभहस्ते या मुक्या प्राण्याला जीवदान देण्यात येणार आहे.” दान दान दान, असं समुद्रावर गेलं.

आबांना फेटा बांधला. फेटा बांधणारा कुणी नव्हता म्हणून तीन वेळा सोडून बांधला. शाल घातली, नारळ दिला. मग आबा मनोगत व्यक्त करायला उठले. दोन दिवसांत दहा वाक्यं न बोललेला हा माणूस माइक हातात आल्यावर सुटला. पहिला कॅनॉल आला तेव्हाची परिस्थिती, तेव्हाची माणसं, त्यांनी केलेली सोसायटीची वसुली, सहकार, तरुण पिढी, मोबाइल, आणि मग मासा. माशाबद्दल ते म्हणाले की त्यांनी काठी धरली ती कर्तव्यबुद्धीने. मी घमेल्याकडे बघत होतो. मासा सुरुवातीला कल्ले हलवत होता. सहकारापर्यंत तो हलवत होता. तरुण पिढीपर्यंत थांबला.

भाषण संपलं. टाळ्या झाल्या. आबा शाल सावरत, दोन्ही हातांत मासा धरून घोट्याएवढ्या पाण्यात गेले. वाकून त्यांनी तो पाण्यात सोडला आणि हात जोडले. मासा आडवा झाला, पांढरं पोट वर आलं, आणि पुढच्या लाटेबरोबर तो परत येऊन आबांच्या पायाला लागला.

मग दाजी म्हणाले, “टाळ्या!” आणि टाळ्या वाजल्या.

आबांनी पायाने त्याला जरा पुढे सरकवलं. लाटेने परत आणला. शेवटी कॅप्टन आला, त्याने मासा शेपटीला धरून उचलला आणि घरी नेला. संध्याकाळी त्याचं कालवण झालं असणार. त्या दिवसात कुणी केलेलं समजूतदार काम तेवढंच.

मग आभार. लोक खरंच चपला शोधत होते. तात्या माइकपाशी गेले आणि अगदी सभ्य, पुस्तकी भाषेत बोलले. ती भाषा त्यांच्या तोंडून मी आधी कधी ऐकली नव्हती आणि मला ती आवडली नाही.

“सर्वप्रथम मी आबांचे आभार मानतो, ज्यांनी माझ्या हातातली काठी वेळेवर घेतली. कॅप्टनचे आभार, ज्यांनी रीळ फिरवलं. माशाचे आभार, जो मी बाजूला होण्याची वाट बघत थांबला. आपल्या गटाच्या उमेदवारांचे आभार, ज्यांनी हा निवाडा केला. अनवधानाने कुणाचं नाव राहिलं असेल तर क्षमा असावी. राहिलेल्यांचं दुखणं काय असतं, ते मला कळतं. धन्यवाद.”

“लई भारी बोलला तात्या,” दाजी मला म्हणाले. “बघितलं? घरच्या माणसाचं असं असतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी परतताना घाटाच्या वर एका हॉटेलवर चहाला थांबलो. आमची मंडळी भजी खात होती. तात्या उठले, गल्ल्यावरच्या माणसाशी काहीतरी बोलले, आणि त्याने आपला फोन त्यांना दिला. तात्या भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ बोलले, फोन परत केला, आभार मानले आणि येऊन चहा प्यायला बसले. माझ्या पिशवीत सात फोन होते आणि सातही नीट होते.

दुपारी गाडी सोसायटीच्या दारात लागली. गुलालाची पोती दाजींनी आधीच आणून ठेवली होती. हलगीवाले सावलीत बसले होते. इंदापूरहून आलेले अधिकारी आत टेबलाशी पंखा हलवून बघत होते. महिला संचालक आधीच येऊन बसल्या होत्या. आमची मंडळी उतरली. आबांच्या अंगावर अजून शाल होती.

सातवे तात्या. ते उतरले, दोन्ही गटांच्या मध्ये जरा उभे राहिले आणि उजवीकडे जाण्याऐवजी डावीकडे गेले.

“तात्या, हिकडं,” दाजींनी हाक मारली.

“आलोच,” तात्या म्हणाले आणि पलीकडच्या खुर्चीत बसले.

दोन अर्ज आले. एक दाजींचा. दुसरा तात्यांचा, त्यावर सूचक आणि अनुमोदक पलीकडचे. पलीकडच्या सहांना उमेदवार कोण याच्याशी देणंघेणं नव्हतं, फक्त तो दाजी नसावा एवढंच हवं होतं, आणि त्यांचा स्वतःचा माणूस आदल्या रात्रीपर्यंत ठरत नव्हता. मला मत नसल्यामुळे मी बाहेर खिडकीशी उभा होतो. चिठ्ठ्या मोजल्या. सात आणि सहा. अधिकाऱ्यांनी निकाल वाचला, मग पंख्याकडे एकदा बघितलं आणि कागद गुंडाळले.

गुलाल दाजींनी आणला होता, पण तो वाया गेला नाही. हलगीवाल्यांनीही कुणासाठी वाजवायचं हे फार विचारलं नाही.

दाजी पायरीवर बसले होते. लाल झालेले तात्या बाहेर आले तेव्हा ते उठले. वाटलं, आता हाणामारी होणार. दाजी नुसतं म्हणाले, “तात्या, एका माशापायी?”

“माशापायी न्हाय, दादा,” तात्या म्हणाले. “पाळी माझी हुती. तुमी घरचं असून दुसऱ्याला दिली.”

“अन् आबा गेलं असतं तर?”

“आबा कुठं जात्यात? त्यांना शाल मिळाली की झालं.”

हे खरं होतं. आबांनी मत दाजींनाच दिलं होतं. ते न सत्कार करता दिलं असतं का, हे आता कळायला मार्ग नाही. दाजींच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मांडवात मान वर करून, पुकारा पुढे निघून गेल्यावर ती खाली करताना जसे दिसायचे, तसे ते दिसत होते. मी बाटलीतलं पाणी पुढे केलं. त्यांनी तोंड धुतलं, रुमालाने पुसलं आणि जाऊन तात्यांच्या गळ्यात हार घातला. ते करावं लागतं.

घरी आक्का ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती. आम्ही पायी येताना दिसल्यावर तिने ते आत नेऊन ठेवलं. दाजी गोठ्याकडे गेले. ती माझ्याकडे वळली.

“तुला कशाला धाडलं हुतं?”

“फोन सांभाळायला.”

“मंग?”

“सगळे परत दिले.”

ती आत गेली. चहा मात्र केला.

चौकात नव्या चेअरमनांचा बॅनर लागला. त्यावर तात्यांचा मोठा फोटो होता, खाली गटनेत्यांचे लहान फोटो, आणि ‘सहकाराला लाभला नवा दीपस्तंभ’ असे शब्द होते. कॅप्टनने काढलेला माशाचा फोटोही कुणीतरी मिळवला होता. त्यात आबा कापले होते आणि तात्यांचा कोपर तेवढा ठेवला होता. वालचंदनगरहून जाता-येता मला तो बॅनर दिसायचा. पुढे उन्हाने पांढरा पडला.

नव्या चेअरमनांच्या अध्यक्षतेखालची पहिली मासिक सभा गणपूर्तीअभावी तहकूब करण्यात आली.